दौंडची कॅसेट

१

सिद्दीक स्पीकरवाला आपल्याच दुकानाच्या लाकडी जिन्याखाली पडलेला सापडला, तेव्हा शिरूरच्या बाजारपेठेत भर दुपार होती. डोकं फुटलं होतं, खुबा मोडला होता. वर माळ्यावर कॅसेटच्या फळीवर एक जागा रिकामी होती. अठ्ठ्याहत्तरचा डबा जागेवर होता, पंच्याऐंशीचाही होता. मधला ऐंशीचा नव्हता.

१९९९ साल होतं. लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींचं मतदान एकाच दिवशी झालं होतं. एक पांढरी मतपत्रिका, एक गुलाबी. पण मोजणी ऑक्टोबरात होती, आणि तोवर पेट्या सील होऊन गोदामात पडल्या होत्या. गोदामाबाहेर पोलीस बसले होते आणि पोलिसांवर नजर ठेवून पक्षांची माणसं. गावाला चैन म्हणून नव्हती. माणसं चहाला बसायची, अर्धा कप टाकून उठायची. रोज एक नवी आवई यायची. कोणी म्हणे पेटीचं सील फुटलं, कोणी म्हणे गोदामाच्या मागच्या खिडकीचे गज वाकलेत.

या अस्वस्थ गावाला सिद्दीकनं एक विरंगुळा दिला होता. सत्त्याहत्तर सालापासून प्रत्येक निवडणुकीच्या मोजणीला लाउडस्पीकर त्याचाच असायचा. निकाल पुकारायचाही तोच, आणि पुकारताना शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा. त्या जुन्या कॅसेट तो रोज संध्याकाळी बाजारतळावर वाजवू लागला. शेवटचा आकडा यायच्या आधी टेप थांबवायचा आणि गर्दीला विचारायचा, "बोला, कोण आला?" म्हातारी माणसं तावातावानं भांडायची. पोरांना आपले आजोबा कोणत्या पक्षात होते ते त्यातून कळायचं.

आदल्याच संध्याकाळी त्यानं पुकारलं होतं, "उद्या ऐंशीची विधानसभा! आन् उद्या नुसतं शिरूर न्हाई, शेजारच्या दौंडचा निकालपण ऐकवणार. दौंडची मोजणी तवा दुसऱ्या दिवशी होती, तिथला स्पीकरवाला आजारी होता म्हणून तिथंही मीच पुकारला होता."

तो निकाल कोणी ऐकलाच नाही.

२

"जिन्यावरून पाय घसरला" असं पोलिसांनी लिहून घेतलं. कॅसेटचा डबा हरवला, ही त्यांच्या लेखी तक्रारच नव्हती. गोदामाच्या बंदोबस्तातून त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती.

सिद्दीकची बायको सरदारबी तडक निखत मुजावरकडे आली. निखत शिरूरच्या कोर्टात वकिली करायची. वय पस्तिशीचं, आवाज बारीक. उलटतपासणीत तिचे प्रश्न इतके साधे असायचे की साक्षीदार निर्धास्त व्हायचा आणि तिथंच फसायचा.

"बेटा, ते पडले नाहीत," सरदारबी म्हणाली. "त्यांना पाडलंय."

सरकारी दवाखान्यात सिद्दीकला बोलताना धाप लागत होती. "जेवायला घरी गेलो होतो. परत आलो तं माळ्यावर खुडबुड. वर चढलो. डोळ्यांपुढं अंधार, उन्हातनं आलेलो ना. कुणीतरी अंगावर आलं आन् मी मागच्या मागं. तोंड दिसलं न्हाई."

"काही बोलला तो?"

"न्हाई. पर पळून न्हाई गेला लगेच. खाली आला, माझ्यापाशी उभा राहिला. श्वास जोरात चालला होता त्याचा. पोरगं नव्हतं ते, निखत. दमलेला माणूस होता. मग गेला."

"डब्यात काय होतं, चाचा?"

"दोन कॅसेट. एक शिरूरची, एक दौंडची. दुसरं काय असणार? निकाल!"

निखत बाहेर आली. एकोणीस वर्षांपूर्वीचा निकाल. जिंकलेले आमदार होऊन माजी झाले, काही वर गेले. हा निकाल चोरून कोणाला काय बदलायचं होतं?

३

पहिलं बोट सगळ्यांनी हौसरावांकडे दाखवलं. ऐंशी साली ते शिरूरला अपक्ष उभे राहिले होते, निकालाआधीच गुलाल आणला होता, आणि डिपॉझिट गेलं होतं. गुलालाच्या गोण्या परत करायला गेले तेव्हा दुकानदारानं त्या घेतल्या नाहीत, हेही गावाला पाठ होतं. आता त्यांच्या सुनेला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. सासऱ्याची फजिती पुन्हा चौकात वाजली असती.

हौसराव निखतला बघून हसलेच.

"वकीलबाई, माझं डिपॉझिट गेल्यालं तालुक्यातल्या शेंबड्या पोराला म्हाईत हाय. ते लपवायला मी माळ्यावर चढू? माझ्या गुडघ्यांनी? मी तं सिद्दीकला म्हणलं होतं, माझे आकडे जरा दमानं वाजव. सुनंनं ऐकू दे, म्हंजी निवडणूक काय असती ते कळंल तिला."

दुसरा संशय घरातलाच होता. सिद्दीकचा पुतण्या इरशाद दुकानात कामाला होता. त्याला कर्णे आणि कॅसेट मोडीत घालून लग्नासाठी मोठे साउंड बॉक्स घ्यायचे होते. काका-पुतण्यांची त्यावरून रोज जुंपायची, सगळी पेठ ऐकायची.

निखत दुकानात गेली तेव्हा इरशाद तोंड लपवून वायरी गुंडाळत होता.

"इरशाद, तू मला काहीतरी सांगायचं टाळतोयस."

 त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि एका स्पीकरच्या पोटातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली.

"दुकानामागच्या गटारीच्या कडंला पडली होती. पोलिसांना दाखवली असती तं म्हणले असते, तूच टाकली. दीदी, अल्लाची कसम, मी नाही केलं."

ती कॅसेट होती. वर सिद्दीकच्या हातानं लिहिलेलं: ‘शिरूर विधानसभा, १९८०’.

"डबा? दुसरी कॅसेट?"

"डबा रिकामा पडला होता. दौंडची नाही कुठं."

निखतनं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. चोरानं जाता जाता डबा उघडला होता, दोन्ही नावं वाचली होती, आणि शिरूरची फेकून दिली होती. त्याच क्षणी हौसराव सुटले, कारण त्यांची फजिती या फेकलेल्या कॅसेटमध्ये होती. इरशादही सुटला. त्याला काही पुसायचं असतं तर दुकानात बसून एक बटण दाबलं की झालं असतं. काका जेवायला जाण्याची वाट बघायची काय गरज?

"हे कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटू दे, दोन्ही गेल्या."

शिरूरच्या माणसाला दौंडच्या निकालाची भीती होती. पण का?

४

बाजारतळावरच्या कॅसेटच्या कार्यक्रमाचा खर्च सोपानराव करंजुले करायचे. खुर्च्या, चहा, वीज सगळं त्यांच्याकडून. मार्केट यार्डात त्यांची कांद्याची आडत होती, इनामगावला घोडनदीकाठी बागायती. माणूस शब्दाचा पक्का, पांढरं धोतर-नेहरूशर्ट, कोणाच्याही मयताला सगळ्यात आधी हजर. निखत त्यांच्याकडे संशयानं गेलीच नव्हती. गर्दीत कोण कोण असतं, एवढंच तिला विचारायचं होतं.

सोपानरावांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. "सिद्दीकभाईचं फार वाईट झालं. दवाखान्याचं मी बघतो म्हणावं. काळजी करू नका."

"त्या कॅसेट मिळाल्या तर चाचांना बरं वाटेल."

"आता जाऊ द्या ना, वकीलबाई. दौंडची एक कॅसेट गेली म्हणून काय जग बुडालं? आपल्याला दौंडशी काय घेणं?"

बाहेर हमाल गोणी टाकत होते. निखतनं चेहरा हलू दिला नाही. चहा संपवला, नमस्कार केला, उठली. यार्डाच्या फाटकापर्यंत ती सावकाश चालली, मग मात्र झपाझप. सगळ्या गावाच्या लेखी दोन कॅसेट गेल्या होत्या. एकच गेली, आणि तीही दौंडची, हे तिला आणि इरशादला सोडून फक्त एका माणसाला ठाऊक असणार होतं.

पण नुसत्या जिभेच्या चुकीवर कोर्टात काही टिकत नाही. कारण हवं होतं.

ती सरदारबीकडे जाऊन बसली. "चाची, एक सांगा. विधानसभेचा निकाल काय गुपित असतो? तो सरकारनं छापलेला असतो, दौंडला मिळेल, पुण्याला मिळेल. चोराला हे कळत नसेल का?"

"कळत असेल की."

"मग त्याला निकाल नाहीसा करायचाच नव्हता. त्या संध्याकाळी, त्या बाजारतळावर तो कोणाच्या तरी कानावर पडू द्यायचा नव्हता. हा निकाल एकोणीस वर्षं कोणाला नडला नाही, आत्ताच का नडला? म्हणजे ते कान आत्ता नव्यानं आलेले आहेत. या गर्दीत गावाला नवीन असं कोण येतं?"

सरदारबीनं आठवून आठवून सांगितलं, "नवीन म्हणजे... डेपोचे मॅनेजर बदलून आलेत, पण ते मागंच उभे असतात. आणि मालनबाई. सोपानरावांची विधवा भावजय. इतकी वर्षं नेवाशाकडं भावाजवळ होती. भाऊ वारला, उन्हाळ्यात इकडं आली. तिला फार नाद या कॅसेटचा. रोज पुढं बसते."

५

मालनबाई सोपानरावांच्या गोदामामागच्या खोलीत राहायची. पन्नाशीची, कपाळ मोकळं, हात कामानं राठ झालेले. निखतनं घरचं विचारलं तेव्हा ती आढेवेढे न घेता बोलली.

"मालक घोडनदीत गेले. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात. भावाभावाचं बांधावरनं कडाक्याचं भांडण झालं, हे तसंच रागानं नदीकडं गेले. सकाळी काठावर कापडं घावली. पाणी लई होतं. आंग न्हाई घावलं. भावजींनी पुतळा करून अग्नी दिला. लई रडले भावजी. मग मला लेकरूबाळ न्हाई म्हणून भावानं नेलं."

"नाव काय त्यांचं?"

नवऱ्याचं नाव घेताना ती अजूनही थबकली. "केरबा. केरबा नाना करंजुले."

दुसऱ्या दिवशी निखतनं कोर्टाला दांडी मारली आणि दौंडची एसटी पकडली. तहसील कचेरीत मोजणीच्या तयारीची धांदल होती. एका ओळखीच्या कारकुनानं जुना छापील निकाल काढून तिच्यापुढं ठेवला. विजयी उमेदवार, पडलेला, मग अपक्षांची रांग. तिचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं.

करंजुले केरबा नाना. अपक्ष. निशाणी सायकल. मतं तीनशे बारा.

तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले. ओळ तिथंच होती. चाचांनी तेव्हा हे नाव पुकारलं होतं, पण दौंडकडचाच कोणी करंजुले समजून विसरलेही असणार. उमेदवाराला स्वतः सही करावी लागते, स्वतः तोंडानं शपथ घ्यावी लागते. सत्त्याहत्तरला बुडालेल्या माणसानं ऐंशीला दौंडमध्ये उभं राहून शपथ घेतली होती.

६

निखत आधी सोपानरावांकडे गेली नाही. ही गोष्ट सगळ्यात आधी जिची होती, तिच्याकडे गेली.

मालनबाईनं सगळं ऐकलं. रडली नाही. पदर घट्ट खोचला आणि पुढच्या दारानं सरळ आडतीत शिरली. निखत मागोमाग. सोपानराव गादीवर बसले होते, समोर दोन शेतकरी.

"भावजी," मालनबाई म्हणाली, "तुमचे दादा कुठं हायत?"

सोपानरावांनी शेतकऱ्यांना हातानंच बाहेर जायला सांगितलं. 

"वहिनी, तुम्हाला कुणी काय..."

"सायकल निशाणीवर उभं राहिले होते म्हणं. सिद्दीकभाईंनी पुकारलं असतं त्यांचं नाव. मी पुढंच बसले असते."

निखत शांतपणे म्हणाली, "सोपानराव, फक्त दौंडची कॅसेट गेली, हे चोराशिवाय कोणाला माहीत नव्हतं. शिरूरची तुम्ही गटारीपाशी टाकलीत. ती आमच्याकडं आहे."

सोपानरावांचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला. ते गादीवरून उतरून जमिनीवर बसले.

"मी त्यांना मारलं न्हाई, वहिनी. आईशप्पत मला वाटलं, गेले. मी खरंच रडलो. दहावं झालं, तेरावं झालं. तुमचे बंधू तुम्हाला घेऊन गेले. सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव चढलं. आन् दिवाळीत चिठ्ठी आली. दादा दौंडला. म्हणले, राग शांत झालाय, मालनला धाडून दे, न्हाईतर मीच येतो."

"मग?"

"मी लिवलं, मालनवहिनींनी पाट लावला. तुम्ही आलात तं त्यांचा संसार मोडंल." ते हुंदका देऊन थांबले. "एकदा लिवलं ना, मग मागं घेता येईना. दर वर्साला अवघड होत गेलं. ऐंशीला त्यांनी प्रचाराचं हँडबिल धाडलं मला. त्यातच कळलं. परवा सिद्दीकभाई दौंडचं नाव घेऊन पुकारले, आन् तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत. माझा जीव थाऱ्यावर राहिना. मला फकस्त कॅसेट उचलायची होती. ते वर आले, मी घाबरून खाली धावलो. धक्का लागला. थांबलो होतो मी त्यांच्यापाशी. हाक मारावी वाटली, पर तोंड उघडलंच न्हाई."

"जिवंत हायत का ते?" मालनबाईनं विचारलं. बाकीचं तिला जणू ऐकूच आलं नव्हतं.

"चार वर्सामागं यार्डात एक जण बोलला होता. दौंडला रेल्वे फाटकापाशी सायकलीचं दुकान हाय. त्यानंतरचं... न्हाई ठावं मला."

त्याच संध्याकाळी सोपानराव स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले. सिद्दीकनं दवाखान्यातूनच रीतसर तक्रार दिली. "पडलो त्याचं मी सोडलं असतं," तो सरदारबीला म्हणाला, "पर बावीस वर्सं त्या बाईचं कपाळ पुसून ठेवलं, ते कसं सोडू?"

७

निखत आणि मालनबाई दौंडला उतरल्या, तो नेमका मोजणीचा दिवस होता. सगळं दौंड मोजणीच्या मैदानाकडे पळत होतं. जीपा, झेंडे, कर्ण्यांचा कलकलाट. प्रत्येक फेरीच्या आकड्याला आरोळी उठायची. त्या गर्दीतून उलट्या दिशेनं त्या फाटकाकडे निघाल्या. मालनबाई इतकी भराभर चालत होती की निखतला पळावं लागलं.

दुकान उघडं होतं. बाहेर एक पांढऱ्या केसांचा माणूस टायरची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून पंक्चर शोधत होता. त्यानं मान वर केली.  हातातली ट्यूब पाण्यात पडली.

"मालन?"

"व्हय."

निखत फाटकाच्या भिंतीपाशीच थांबली. तरी बोलणं ऐकू येत होतं. केरबानं स्टूल पुसून पुढं केलं. मालनबाई बसली नाही.

"तू... सुखात हाईस ना? सोपान म्हणला होता, घर चांगलं मिळालं."

"मी कुठं बी न्हाई गेले. तुम्ही बुडालात म्हणून बसले होते. भावाच्या दारात. बावीस वर्सं."

केरबानं भिंतीचा आधार घेतला.  मालनबाईनं त्याला सावरू दिलं, घाई केली नाही. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. पत्र वाचल्यावर तो महिनाभर दारू पीत फिरला. मग दौंडच्या रेल्वे यार्डातल्या लोकांनी त्याला सावरलं. पुढं झुंबरबाईशी लग्न केलं, एक मुलगी झाली. ती मुलगी आता नांदायला गेलीय.

"आन् निवडणुकीला कशापायी उभं राहिलात? तुम्हाला कवा राजकारण ठावं होतं?"

"राजकारण कुठलं," तो म्हणाला. "एक जण बोलला, उमेदवाराचं नाव गावोगाव जातं, कर्ण्यावर पुकारत्यात. म्हणलं, मालन जिथं कुठं असंल, तिच्या कानावर जाईल. यायला नको, बोलायला नको. नुसतं कळावं, की हा बाबा हाय अजून. घरचा रेडिओ इकला डिपॉझिट भरायला."

मैदानाकडून पुन्हा आरोळी उठली. कोणीतरी आघाडीवर गेलं होतं. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.

"तीनशे बारा मतं पडली म्हणं," मालनबाई म्हणाली.

"व्हय. एवढीच."

"एवढीच?" आता तिचा आवाज चिरकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "तीनशे बारा माणसांना ठावं होतं तुम्ही जित्तं हाय. मलाच तेवढं न्हवतं."

केरबा खाली मान घालून रडू लागला. मालनबाई मात्र उभीच होती. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घमेल्यात पडलेली ट्यूब उचलून त्याच्या हातात दिली.

"गिऱ्हाईक येईल, हे आवरा आधी," ती म्हणाली. "मग घरी न्या मला. झुंबरबाईला बी सांगितलं पाहिजे. तिला दुसऱ्याच्या तोंडनं कळायला नको."